पखवाजातला बिऱ्हाडकरू

या, अशा जवळ या. मागच्यांनी थोडं पुढं सरका, मांडी घालून बसा. गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. हल्ली रत्नागिरीच्या माणसानं दान केलेलं मूत्रपिंड नागपूरच्या माणसाला हवं असलं, तर ते साध्या डब्यातून, लाल एसटीत, आंब्याच्या पेटीशेजारी बसून जातं. घाट बंद होऊ दे, गाडी पंक्चर होऊ दे. पोचतं तेव्हा ते नुकतंच काढल्यासारखं ताजं असतं. आपल्याला आता त्याचं नवलही वाटत नाही. पण या अवयवांना वाट बघायला शिकवलं कुणी? एका किड्यानं. आणि त्या किड्याला इतकी वर्षं जगवलं कुणी? तीच कथा आज ऐकायची आहे. देवानं ती लाकडात लपवली होती.

कुडाळपासून आत पिंपळखोल नावाच्या गावात दिगंबर तेंडोलकर राहत. वय पंच्याहत्तरीला टेकलेलं. गाव त्यांना आबा म्हणे. नोकरी पोस्टात झाली, पण ओळख पखवाजाची. रवळनाथाच्या देवळात सप्ताह असो की एखाद्या बुवांचं कीर्तन, आबांची थाप पडल्याशिवाय कुणाला गळा सापडत नसे. बुवा रंगात येऊन भलतीकडे वाहवत गेले, तरी सम कुठं आहे ते आबा नुसत्या डोळ्यांनी सांगत, आणि बुवा बरोबर घरी परतत.

पखवाजही तसाच होता. आबांचे वडील तरुणपणी आफ्रिकेत, टांगा बंदरामागच्या घायपाताच्या मळ्यावर कारकून होते. परत येताना त्यांनी तिथल्या मनिंगा नावाच्या झाडाचं खोड पखवाजासाठी कोरून आणलं. मनिंगा म्हणजे आपल्या बिबळ्याचा चुलतभाऊ. तोच लालसर रंग, तोच घुमारा. चामडं आणि वाद्या कुडाळात चढल्या. त्याच वर्षी आबा जन्मले. म्हणून घरात थट्टा असे, की तेंडोलकरांकडे त्या वर्षी जुळं झालं, एक रडणारं आणि एक वाजणारं.

आबांची बायको वैजयंती या गोष्टीच्या आदल्या कार्तिकात गेली. आबा तिला वैजू म्हणत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते. तेव्हा कुठं तो खालच्या स्वरात घुमतो. ती कणीक जन्मभर वैजूनं मळून दिली. ती गेल्यावर आबांनी शहरातून तयार रबरी चकती आणली, धुम्यावर चिकटवली आणि वाजवू लागले. आवाज बरा येई. पण आबांना तो परक्या घरात जेवल्यासारखा वाटे.

त्या वर्षी गावात कानपट्टीचं पथक आलं. परदेशी खोक्यांच्या लाकडातून आलेल्या एका पोखरकिड्यानं त्याच्या आधीच्या दशकात कोकणातले फणस उभेच्या उभे वाळवले होते, हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हापासून नियम झाला, की बाहेरदेशी लाकडाची वस्तू तपासून घ्यायची. कानपट्टी लाकडाला गुंडाळली की आतल्या अळीचं चावणं माणसाला ऐकू येई. ऐकू आलं, की वस्तू भट्टीत जाई. पथकावर गावातलाच सुहास धुरी होता. सप्ताहात आबांच्या शेजारी झांज वाजवणारा.

धुरीनं पखवाजाला पट्टी गुंडाळली, कानाला यंत्र लावलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"आबा, हेच्यात कायतरी जिता आसा."

"मेल्या, हेच्यात देव आसा. पाऊणशे वर्षां जिता आसा. तुका आज ऐकाक इलो?"

भोवतीची माणसं हसली. धुरी हसला नाही. त्यानं यंत्र आबांच्या कानाला लावलं. कर्र... कर्र... मग बराच वेळ शांतता. मग पुन्हा कर्र. आबांच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हा कोण आहे तो लयीत नाही.

मग भट्टी आठवली. त्या आचेत चामडं पापडासारखं वळणार आणि खोड तडकणार.

"सुहास," आबा हळूच म्हणाले, "वैजूचो हात लागलेलो आसा रे तेका."

धुरीनं इकडंतिकडं बघितलं. पखवाजाच्या कमरेपाशी चण्याएवढं एक भोक होतं, त्यातून लालसर भुसा गळत होता. त्यातला चिमूटभर त्यानं पुडीत बांधला. "ह्यो तपासूक धाडतंय. निकाल येईपर्यंत भट्टी नाय. पण आबा, हेका घराबाहेर काढू नकात."

निकाल कागदावर आला नाही, माणसाच्या पायांनी आला. पुण्याच्या कीटक संस्थेतून डॉ. नलिनी वऱ्हाडपांडे नावाची बाई पिंपळखोलच्या पडवीत येऊन उभी राहिली. चाळिशीची, सडपातळ, बोलणं नागपूरकडचं. चपला काढून तिनं आधी पखवाजाला हात जोडले.

"नमस्कार वाद्याला केला की आतल्याला, ते विचारू नका जी," ती म्हणाली. "दोघंही मान घेण्यासारखे आहेत."

आबांना बाई आवडली.

तिनं सांगितलं ते असं. भुशात अळीच्या पेशी होत्या. त्यांची ओळख जुळली ती एका लांबशिंग्या भुंगेऱ्याशी. हा राहायचा टांगा बंदरामागच्या डोंगरउतारांवर, तिथल्या मनिंगाच्या झाडांत. शास्त्राला याची ओळख म्हणजे परदेशातल्या एका संग्रहालयाच्या खणात टाचलेले चार नमुने. चारही माद्या. नर कुणी पाहिलेला नाही, आणि जिवंत किडा तर शंभर वर्षांत कुणीच नाही. रान तोडून मळे झाले, तेव्हा हा संपला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"म्हणजे हा शेवटचा?" आबांनी विचारलं.

"माहीत असलेला शेवटचा. तुमच्या वडिलांनी खोड तोडलं तेव्हा याच्या आईनं नुकतंच त्यात अंडं घातलं असणार. हिरव्या झाडात ही अळी दोन-तीन वर्षांत मोठी होऊन उडून जाते. पण कोरड्या लाकडात अन्न कमी. मग ती मरत नाही जी, सावकाश होते. घड्याळाला किल्ली देताना हात आखडता घ्यावा, तशी. काही जातीच्या अळ्या टेबलाखुर्च्यांत चाळीस-चाळीस वर्षं जगलेल्या आहेत. पण पाऊणशे?" तिनं खोडावर अलगद हात ठेवला. "हिच्या रक्तात काहीतरी असं आहे, जे पेशींना सांगतं, थांबा, नासू नका, अजून वेळ आहे. ते मला हवं आहे."

"कशाला?"

नलिनीनं खोडावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "माझ्या धाकट्या भावाला मूत्रपिंड मिळालं होतं, आबा. दुसऱ्या शहरातून निघालं. विमान धुक्यात अडकलं. पोचलं तेव्हा ते निकामी झालं होतं. तोही गेला मग. ते थांबू शकलं असतं तर..." तिनं वाक्य तिथंच सोडलं आणि पिशवीतून हत्यारं काढू लागली.

पोकळ सुईनं तिनं भोकातला भरणा अलगद ओढून काढला आणि काचेच्या नळीत उभा धरला. खाऊन उरलेलं सगळं थरांवर थर बसलं होतं. आत खोलवर लाल भुसा. मग पांढुरका थर, त्यावर पुन्हा पांढुरका, तो थेट तोंडाजवळपर्यंत; अगदी तोंडाशी तेवढा ताजा लाल भुसा. आणि मधून मधून पिवळी रेघ.

"हे लाकूड नाही," नलिनी पुटपुटली. नळीतला कण तिनं हातातल्या छोट्या यंत्राखाली धरला. "हा गहू आहे! गव्हाचं पीठ. पिवळी रेघ हळदीची. आबा, हिला गहू कोण खाऊ घालत होतं?"

आबा नळीकडं बघत राहिले. मग हसू लागले. हसता हसता डोळ्यांना पंच्याचं टोक लावावं लागलं.

"वैजू. आमच्या गुरुजींनी बजावलं होतं, वाजवून झालं की कणीक खरवडून टाकायची. राहिली तर कीड लागते. हिला ते पटायचंच नाही. म्हणायची, कीर्तन ऐकलेलं अन्न उकिरड्यावर टाकू? ते प्रसादासारखं झालं की हो! मग थोडी कणीक तुळशीत, थोडी कावळ्याला, आणि उरलेली बोटानं या भोकात. मी ओरडायचो, अगं कीड लागेल. ती म्हणायची, भोक बुजवते, म्हणजे लागायची नाही. दोन दिवसांनी बघावं तर भोक पुन्हा मोकळं. 'सुकून पडते मेली,' म्हणायची, आणि पुढच्या कीर्तनानंतर पुन्हा बुजवायची. संसारभर चाललं हे."

"आणि हळद?"

"जत्रेच्या कणकेत चिमूटभर हळद घालायची. देवाचा मोठा दिवस म्हणून." आबांनी काचेवरून बोट तोंडाच्या दिशेनं सरकवलं. एकेक पिवळी रेघ म्हणजे एकेक जत्रा. बोट टोकाशी पोचलं आणि थांबलं. यंदाच्या जत्रेची रेघ नव्हती.

नलिनीला ते न सांगता कळलं. ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणूनच हिचा आवाज आता वाढला. पुरेसं वजन झालेल्या अळीचं अन्न एकदम तुटलं, तर ती एक वेगळीच गोष्ट करते. उपाशी मरण्याऐवजी कोषात जाते आणि पंख काढते. तुमच्या बाई होत्या तोवर हिला मोठं व्हायची गरजच नव्हती, जी."

आबांनी धुम्यावरची रबरी चकती ओरबाडून काढली आणि आत जाऊन केरात टाकली.

खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहिला. चहाचा कप हातात धरून नलिनीनं तो सरळ मांडला.

"माझ्या वरिष्ठांचा निरोप आहे, की अळी आजच कापून काढा. कोषात गेल्यावर रक्त बदलतं, मग ते द्रव्य सापडेलच असं नाही. कायद्यानं वाद्य तुमचं आहे, तुमच्या होकाराशिवाय हात लावणार नाही. आणि मनातलं विचाराल, तर मलाही आजच हवं आहे."

आबांनी बशीत चहा ओतला, प्यायले नाहीत. कालपर्यंत त्यांना पखवाज वाचायला हवा होता, आतला मेला तरी चाललं असतं. आज उलटं झालं होतं.

"बाई, तुमच्या घरी विरजण लावता?"

"लावतो की."

"घरातलं शेवटचं विरजण, पाहुणा आला म्हणून कुणी खायला वाढतं का? पाहुण्याला आज ताक नाही मिळालं तर उद्या मिळेल. विरजण संपलं तर कुणालाच नाही. हिला बाहेर येऊ द्या. हिचा वंश राहिला तर तुमच्या भावासारखे किती तरी पुढं जगतील."

"वंश कसा राहणार? एकटी आहे. आणि आतच मेली तर?" नलिनीचा आवाज चढला. "तुम्हाला बायकोची आठवण जपायची आहे, आबा. बोला ना खरं. माझ्या भावाची कोण जपणार?"

आबांना ते लागलं, कारण अर्धं खरं होतं.

"आतच मेली तर पाप माझं," ते म्हणाले. "पण चारही माद्या म्हणालात ना? नर कुणी पाहिला नाही म्हणालात. मग ज्यानं ही जात केली, त्यानं काही विचार केलाच असेल. मी अडाणी आहे या बाबतीत. पण शंका तुमच्याही मनात आहे. नसती, तर काल चहा पिता पिता तो आकडा दोनदा सांगितला नसता."

नलिनीनं कप खाली ठेवला. काही भुंगेऱ्यांत मादी नराशिवायही वंश चालवते हे तिला ठाऊक होतं. या जातीत तसं असेल असा तिला फक्त संशय होता, पुरावा नव्हता. तिनं फोन उचलून वरिष्ठांना कळवलं, मालकाची संमती नाही. आणि संध्याकाळच्या गाडीचं तिकीट रद्द केलं.

अळी कोषात गेली. पखवाज माजघरात, पाटावर, ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवला होता. त्यावर थाप मारायची सोय राहिली नाही. मधेच सप्ताह आला. दुसऱ्याचा पखवाज आणतो म्हणून मानकरी सांगून गेले, पण आबा घर सोडून हलायला तयार नव्हते. देवळातून झांजांचा आवाज येई आणि आबांची बोटं गुडघ्यावर चालत.

धुरी निरोप घेऊन आला. "आबा, गाव बोलता हा. किड्यापायी देव सोडल्यात म्हणान."

"देव थंय देवळात बसलो आसा, तां माका ठाऊक आसा. गरज लागली तर तो हंय येतलो. चाय पी, नि जा झांज वाजय. तुझो हात आधीच मागे पडता."

असे दिवस गेले. एका दुपारी नलिनीनं हाक मारली. कानपट्टीतून नवा आवाज येत होता, कर्र नव्हे, तर चिर्र चिर्र, बारीक, जणू कुणी कंगव्यावर नख फिरवतंय. हा भुंगेरा मानेचा भाग पाठीवर घासून बोलतो. त्याचा कायापालट झाला होता. पण तो बाहेर येईना. नलिनीनं हातयंत्रानं आतली आकृती पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"जबडे बोथट आहेत. लाकूड चावणाऱ्या किड्याच्या जबड्याच्या धारेत जस्त आणि मँगनीज साठतं, तेव्हा ती धार पोलादासारखी होते. ते लाकडातून मिळतं. हिला मिळालं पीठ. मऊ मऊ खाऊन वाढली जी. बाहेर निघायची ताकदच नाही."

"लाडावलेलं पोर," आबा म्हणाले. "वैजूनं माझंही असंच केलं. ती गेली तेव्हा मला चहा करता येत नव्हता."

चिर्र क्षीण होत चाललं होतं. आबा उठले. वाद्या सैल केल्या, त्यांच्याखालचे लाकडी गट्टे काढले, दोन्ही तोंडांचं चामडं उतरवलं. ज्या पखवाजाला त्यांनी कधी पाय लागू दिला नव्हता, तो दोन गुडघ्यांत घट्ट धरला आणि करवत मागितली.

"मी कापू का?" नलिनी म्हणाली. "तुमचा हात थरथरला तर?"

"हात थरथरतो तो जेवताना. हा समेवर थांबायला शिकलेला आहे. तुम्ही रेघ आखा."

करवत चालू लागली. पाऊणशे वर्षांचं लाकूड लाल भुकटी सांडू लागलं. आतून चिर्र आलं की आबा थांबत, थांबलं की पुन्हा चालवत. आता कुणाची लय कुणाला लागली होती ते सांगता येत नव्हतं. शेवटचा पापुद्रा उरला. तिथं करवत नको होती. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात वैजूची शिंपली होती, धुम्यावरची कणीक ती याच शिंपलीनं खरवडत असे. आबांनी तिच्या कडेनं पापुद्रा हलकेच उचलला.

आणि काय रूप होतं ते! करंगळीएवढं अंग, त्याच्यावर शेवाळी हिरवी मखमल, मखमलीवर तांब्याचे आडवे पट्टे, नुकतीच चिंचेनं घासलेली कळशी असावी तसे लखलखीत. आणि शिंगं! अंगाच्या दुप्पट लांब, तंबोऱ्याच्या तारांसारखी बारीक, टोकाशी काळ्या केसांचे झुबके. इतकी वर्षं काळोखात, अरुंद बोळात राहिलेल्या जिवाच्या अंगावर हा साज कुणाच्या डोळ्यांसाठी चढवला असेल? आबांनी नकळत हात जोडले. नलिनीनंही जोडले, आणि या वेळी कुणाला ते विचारायची गरज नव्हती.

"मादी," नलिनी एवढंच म्हणाली.

नलिनीनं आफ्रिकेतल्या रोपवाटिकेतून मनिंगाचा ताजा ओंडका मागवून ठेवला होता. भुंगेरी त्याच्यावर चढली, शिंगं फिरवली आणि उतरली. पाटावरून चालत चालत ती कापलेल्या पखवाजाच्या अर्ध्या खोडाकडं आली. जुन्या भोकापाशी सुकलेल्या कणकेची पापडी होती. तिला तिनं दोन्ही शिंगांनी कितीतरी वेळ चाचपलं. मग वळली, आणि त्या पापडीच्या कडेला लाकडाच्या चिरेत अंडी घालू लागली.

नर नव्हता, तरी अंडी फुटली. ज्यानं ही जात केली त्यानं विचार केलेलाच होता. तिच्या रिकाम्या खोलीत अळीपणाची शेवटची कात पडली होती. तिच्यातच नलिनीला ते थांबवणारं द्रव्य सापडलं, वाळलेलं, पण पुरेसं. कुणाला कापावं लागलं नाही. नलिनीनं पहिली पुडी आबांच्या देव्हाऱ्यात ठेवली, भावाच्या फोटोसकट. तो फोटो आबांनी तिथून कधी हलवला नाही.

पुढं काय झालं ते तुम्ही रोज एसटीत बघता. टांगा बंदरामागच्या उतारांवर आता पुन्हा मनिंगा लावलं आहे, आणि पिंपळखोलच्या अर्ध्या पखवाजातून निघालेली पिल्लावळ तिथं नांदते आहे. शास्त्रातलं त्यांचं लांबलचक नाव तिथल्या मुलांना उच्चारता येत नाही. ती त्यांना बिबी वैजू म्हणतात. तिकडच्या भाषेत बिबी म्हणजे आजी.

पुढच्या सप्ताहाला आबा देवळात गेले, मागून आणलेला पखवाज घेऊन. धुम्यावर कणीक होती, त्यांनी स्वतः मळलेली. जरा पातळ झाली होती, थापताना ओघळली, धुरी हसला. वाजवून झाल्यावर आबांनी शिंपलीनं ती खरवडली, थोडी तुळशीत टाकली, थोडी कावळ्याला ठेवली. उरलेली बोटावर घेऊन त्यांनी खोडाला कुठं भोक आहे का ते सवयीनं शोधलं. नव्हतं. मग घरी येऊन पाटावरच्या त्या अर्ध्या खोडाला लावली.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं आहे. कीर्तनाला बसाल, पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा तो पांढरा टिळा दिसेल, आणि पहिली थाप पडून जमीन घुमेल, त्या वेळी पिंपळखोलच्या वैजयंती तेंडोलकरांची आठवण ठेवा. अन्न टाकू नये, एवढ्यावरच त्यांनी एक अख्खी जात सांभाळली.